तृण, वृक्ष आणि माणूस

आपल्या निवासी शाळेच्या स्मरणिकेसाठी मी लेख द्यावा, असा संपादक मंडळाचा आग्रह होता. इतिहासाच्या शिक्षिकेने शाळेच्या वाटचालीविषयी, धम्मक्रांतीविषयी किंवा अजिंठा-वेरूळविषयी लिहावे, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. परंतु त्या विषयांचे अधिकारी लेखक आपल्याकडे पुष्कळ आहेत. मी आज वाचकांचे लक्ष एका फार जुन्या इतिहासाकडे वेधू इच्छिते. पाण्यात वाढलेली हिरवी सृष्टी कोरड्या जमिनीवर कशी आली, तेथे कशी तगली आणि तिच्या कोणकोणत्या शाखा झाल्या, याचा तो इतिहास आहे. आम्ही वर्गात फार तर पाच हजार वर्षांचा इतिहास शिकवतो. हा इतिहास सुमारे सत्तेचाळीस कोटी वर्षांचा आहे.

या वाचनाकडे मी वळले ते एका बदली तासामुळे. विज्ञानाचे सहकारी रजेवर होते आणि नववीच्या वर्गावर मला पाठविण्यात आले. पाठ होता वनस्पतींच्या वर्गीकरणाचा. थॅलोफायटा, ब्रायोफायटा, टेरिडोफायटा, अनावृत्तबीजी, आवृत्तबीजी असा तक्ता फळ्यावर काढून झाला. आमच्या ग्रंथालयात एक जुना संदर्भग्रंथ आहे. त्यात पहिल्या गटांना ‘निम्न वनस्पती’ आणि शेवटच्या गटांना ‘उच्च वनस्पती’ म्हटले आहे. तो भाग वाचून दाखविताच एका मुलीने हात वर केला आणि विचारले, “मॅडम, शेवाळाला निम्न कोणी ठरवलं?” काही मुले हसली. मला मात्र तो प्रश्न हसण्यासारखा वाटला नाही. ‘उच्च’ आणि ‘निम्न’ हे शब्द आमच्या मुलांनी पुस्तकात वाचण्याच्या कितीतरी आधी गावात ऐकलेले असतात. शिवाय ‘कोणी ठरविले’ हा प्रश्न मुळात इतिहासाचाच आहे. म्हणून त्याचे उत्तर शोधणे मला माझे काम वाटले.

प्रथम मूळ अडचण समजून घेतली पाहिजे. पाण्यात राहणाऱ्या शैवालाला तहान माहीत नसते. त्याच्या प्रत्येक पेशीभोवती पाणी असते, पाण्यात विरघळलेले क्षार असतात. पाणीच त्याला तोलून धरते, त्यामुळे उभे राहण्यासाठी खोड लागत नाही. त्याच्या पुंयुग्मकांना स्त्रीयुग्मकापर्यंत पोहत जाता येते. जमिनीवर यांपैकी काहीही आयते मिळत नाही. हवा पाणी शोषून घेते, ऊन भाजते, शरीराचा भार स्वतःलाच पेलावा लागतो आणि संततीसाठी पोहण्याचा मार्ग बंद होतो. हिरव्या वनस्पतींच्या पुढील सर्व इतिहासात या चार अडचणींची निरनिराळी उत्तरे सापडतात.

जमिनीवरील सर्व वनस्पतींचे पूर्वज गोड्या पाण्यातील हिरव्या शैवालांच्या एका शाखेत होते, याविषयी आज शास्त्रज्ञांत एकमत आहे. आटणाऱ्या डबक्यांच्या काठी ओल आणि कोरड यांचा खेळ सतत चालतो. अशाच ठिकाणी हा बदल घडला असावा. सर्वांत जुना पुरावा म्हणजे सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सापडणारे सूक्ष्म बीजाणू. त्यांचे कवच इतके चिवट असते की कोरडी हवा आणि कोट्यवधी वर्षे दोन्ही त्याने सोसली आहेत. सुमारे ४३ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत ‘कुकसोनिया’ ही चिमुकली वनस्पती भेटते. तिला पाने नाहीत, फुले नाहीत. काही सेंटिमीटर उंचीच्या दुभंगत जाणाऱ्या काड्या आणि टोकाला बीजाणूंच्या पिशव्या, एवढाच तिचा संसार. परंतु तिच्या देहावर मेणचट आवरण होते. पाणी आत राखण्यासाठी हे आवरण आवश्यक होते. आवरण आले की श्वासाची अडचण आली, म्हणून उघडझाप करणारी सूक्ष्म छिद्रे आली. आपण त्यांना पर्णरंध्रे म्हणतो. आजही भर उन्हात झाड आपली पर्णरंध्रे आवळून घेते, म्हणून ते दुपार निभावते.

वनस्पतींनी हा प्रवास एकट्याने केला नाही, हेही दगडांनीच सांगितले. स्कॉटलंडमध्ये ऱ्हायनी नावाचे गाव आहे. तेथे सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी गरम पाण्याचे झरे होते. त्या पाण्यातील सिलिकाने आसपासच्या वनस्पती पेशीसकट जशाच्या तशा दगडात जपून ठेवल्या. विल्यम मॅकी या डॉक्टरांच्या लक्षात १९१२ च्या सुमारास ते दगड आले. त्यांचे पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले तेव्हा वनस्पतींच्या पेशींमध्ये बुरशीचे धागे आढळले. या वनस्पतींना खरी मुळे नव्हती. बुरशी त्यांना जमिनीतील क्षार पुरवीत असावी आणि वनस्पती तिला अन्न देत असावी. आजच्या बहुसंख्य वनस्पतींच्या मुळांत ही भागीदारी चालू आहे. ‘हे असेल तर ते होते’ हा प्रतीत्यसमुत्पादाचा विचार आम्ही विहारात ऐकतो. कोणतीही वस्तू केवळ स्वतःच्या बळावर अस्तित्वात येत नाही, याचे इतके जुने उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

आता शाखांकडे वळू. ब्रायोफायटा म्हणजे हरिता आणि त्यांची भावंडे. आपल्या पाठ्यपुस्तकात त्यांना वनस्पती सृष्टीचे उभयचर म्हटले आहे, कारण त्या जमिनीवर राहतात, पण प्रजननासाठी त्यांना पाण्याचा थर लागतो. त्यांना खरी मुळे नसतात. मुळांसारखे दिसणारे मूलाभ त्यांना फक्त धरून ठेवतात. देहात पाणी वाहून नेणाऱ्या पक्क्या नळ्या नसल्याने त्या बोटभर उंचीच्या पुढे सहसा जात नाहीत. परंतु त्यांनी कोरडेपणावर एक विलक्षण उपाय शोधला आहे. त्या कोरडेपणाशी झुंजत नाहीत, त्याला शरीरात येऊ देतात. उन्हाळ्यात शाळेच्या मागच्या भिंतीवर काळपट खरवड दिसते. ती मेलेली आहे असे वाटते. मृगाच्या पहिल्या सरी पडल्या की काही वेळातच ती मखमलीसारखी हिरवी होते. पिंपळाचे पान एकदा असे वाळले तर पुन्हा हिरवे होत नाही.

या हिरवळीचा आपल्या परंपरेशीही एक संबंध आहे. पावसाळ्यात भिक्खू हिंडत राहिले तर हिरवे गवत तुडविले जाते, बारीक जीव मरतात, अशी लोकांनी तक्रार केली आणि भगवंतांनी वर्षावासाचा नियम घातला, असे विनयपिटकात सांगितले आहे. भिक्खूंनी वनस्पतींना इजा करू नये असाही नियम आहे. त्याच्या स्पष्टीकरणात वनस्पतींचे पाच प्रकार येतात: मुळापासून वाढणाऱ्या, खोडापासून वाढणाऱ्या, पेरापासून वाढणाऱ्या, शेंड्यापासून वाढणाऱ्या आणि बीजापासून वाढणाऱ्या. हळद-आले पहिल्या प्रकारात, पिंपळ-वड दुसऱ्या प्रकारात आणि ऊस-बांबू तिसऱ्या प्रकारात मोडतात. हेही वर्गीकरणच आहे. मात्र त्यात कोणी वर नाही आणि कोणी खाली नाही. कोण कशापासून वाढते, एवढेच पाहिले आहे.

दुसरी मोठी शाखा पाणी वाहून नेणाऱ्या ऊतींची. लिग्निन नावाच्या कठीण द्रव्याने पेशींच्या भिंती पक्क्या झाल्या, तेव्हा पाणी वर चढविणाऱ्या नळ्या तयार झाल्या आणि त्याच नळ्यांनी देहाला उभे राहण्याचे बळही दिले. मुळे खोल गेली, खोडे उंच झाली, पाने रुंद झाली. नेचे आणि त्यांचे आप्त, म्हणजे टेरिडोफायटा, या टप्प्याचे वारस आहेत. तीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वी युरोप-अमेरिकेच्या दलदलींत ‘लेपिडोडेंड्रॉन’ हे वृक्ष तीस मीटरहून उंच वाढत. त्यांच्या जंगलांचा दगडी कोळसा झाला. त्यांचे आजचे दूरचे नातेवाईक, लायकोपोडियम आणि सेलाजिनेला, वीतभर उंचीची रोपे आहेत. कोणत्याही गटाची उंची हे त्याचे कायमचे लक्षण नसते, हे यावरून ध्यानात यावे.

मात्र नेच्यांनाही पोहणाऱ्या पुंयुग्मकांसाठी पाणी लागते. नेच्याच्या पानामागील बीजाणू जमिनीवर पडला की त्यातून हृदयाच्या आकाराचे, नखाएवढे हिरवे पातळ पाते उगवते. ही त्या वनस्पतीची दुसरी पिढी. तिच्यावरच युग्मके तयार होतात आणि पाण्याच्या थेंबात त्यांचे मीलन झाल्यावर पुन्हा नेचा उगवतो. हरितांपासून सूचिपर्णी वृक्षांपर्यंत सर्वत्र हे दोन पिढ्यांचे आवर्तन चालते, असे १८५१ मध्ये विल्हेल्म हॉफमाइस्टर या जर्मन तरुणाने दाखवून दिले. त्याने विद्यापीठात शिक्षण घेतले नव्हते. वडिलांच्या संगीत-प्रकाशनाच्या दुकानात काम करता करता तो सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास करी. पुढे तो हायडेलबर्ग विद्यापीठात प्राध्यापक झाला. वेगवेगळ्या वाटणाऱ्या गटांचा जीवनक्रम आतून एकच आहे, हे अशा माणसाने सर्वांपुढे मांडले.

पाण्यावरील हे अवलंबन सुटले ते बीजामुळे. परागकण वाऱ्यावर किंवा कीटकांवर स्वार होऊ लागले. गर्भ अन्नाच्या शिदोरीसह कवचात सुरक्षित राहिला आणि अनुकूल काळाची वाट पाहू लागला. या टप्प्याचा पुरावा आपल्या विदर्भाच्या भूमीतच आहे. चंद्रपूर परिसरातील दगडी कोळसा ज्या वनांपासून बनला, त्यांत ‘ग्लॉसॉप्टेरिस’ वृक्षांचे प्राबल्य होते. काळ सुमारे २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीचा. त्या खडकांपैकी एका समूहाला आपल्या कामठीचेच नाव मिळालेले आहे. पाने जिभेच्या आकाराची म्हणून हे नाव पडले. आरंभी त्याला नेचाच समजत. पुढे पानांशी जोडलेले बीजधारी अवयव सापडले आणि ती बीजी वनस्पती असल्याचे सिद्ध झाले. याच वृक्षाचे अवशेष आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया येथेही मिळतात. दक्षिण ध्रुवावरून परतताना १९१२ मध्ये मृत्यू पावलेल्या कॅप्टन स्कॉटच्या चमूने अखेरपर्यंत जवळ बाळगलेल्या दगडांतही ते होते. हे सर्व भूभाग एकेकाळी जोडलेले होते, या निष्कर्षाला या पानांनी मोठा आधार दिला. त्या प्राचीन महाखंडाला ‘गोंडवन’ हे नाव मिळाले आहे, ते आपल्या शेजारच्या गोंड लोकांच्या प्रदेशावरून. इतिहासाच्या पुस्तकांत ज्यांना दोन ओळी मिळत नाहीत, त्यांच्या भूमीचे नाव भूशास्त्राने साऱ्या जगाला पाठ करायला लावले आहे.

सायकस, सूचिपर्णी वृक्ष आणि गिंको हे अनावृत्तबीजी गटाचे आजचे सदस्य. त्यांची बीजे फळात झाकलेली नसतात. गिंको हा चीनमधील वृक्ष. चीन-जपानमधील बौद्ध मंदिरांच्या आवारात तो शतकानुशतके जपला गेला. त्याच्याविषयी एक हकिकत शिक्षकांनी मुलांना आवर्जून सांगावी. साकुगोरो हिरासे हे टोकियोच्या विद्यापीठात वनस्पतींची चित्रे काढण्याच्या कामावर होते. पुढे ते साहाय्यक झाले. पदवी त्यांच्याजवळ नव्हती. १८९६ मध्ये त्यांनी गिंकोच्या बीजांडात पोहणारे पुंयुग्मक पाहिले. बीजधारी वृक्षात असे काही प्रत्यक्ष दिसण्याची ही पहिलीच वेळ होती. त्याच वर्षी इकेनो यांना सायकसमध्येही ते आढळले. हिरासे यांनी पुढे विद्यापीठ सोडले आणि ते शाळेत शिक्षक झाले. १९१२ मध्ये जपानच्या अकादमीने दोघांचा एकत्र गौरव केला. या शोधाचा अर्थ मला फार मोठा वाटतो. ‘उच्च’ म्हणविल्या गेलेल्या या वृक्षाने आपल्या बीजांडात पाण्याचा एक थेंब राखून ठेवला आहे आणि त्याचे युग्मक आजही शैवालासारखेच पोहते.

शेवटची शाखा फुलांची. आवृत्तबीजी वनस्पतींचे स्पष्ट अवशेष सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वीपासून मिळतात. त्यांचा प्रसार इतका झपाट्याने झाला की खुद्द डार्विन यांना ते कोडे वाटले. १८७९ मध्ये हूकर यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी त्याची कबुली दिली आहे. आपल्या विहारासमोरचा बोधिवृक्ष याच गटातला. दुर्मिळ माणसाला आपण उंबराचे फूल म्हणतो. पिंपळ उंबराच्याच कुळातला, त्यामुळे त्याचीही फुले फळासारख्या दिसणाऱ्या गोळ्याच्या आत लपलेली असतात. एक अतिशय बारीक कीटक आत शिरून त्यांचे परागीभवन करतो. पिंपळाविना त्या कीटकाचा वंश चालत नाही आणि त्या कीटकाविना पिंपळाला बीज धरत नाही. पुढे पक्षी ती फळे खातात आणि विष्ठेतून बीजे भिंतीच्या फटीतही रुजतात. अशी भिंत बहुधा हरितांनी आधीच हिरवी केलेली असते.

एवढा पट पाहिल्यावर मूळ प्रश्नाचे उत्तर देता येते. ‘निम्न’ आणि ‘उच्च’ हे शब्द शिडीच्या कल्पनेतून आले आहेत. दगडापासून देवापर्यंत साऱ्या सृष्टीची एक उतरंड आहे, ही समजूत युरोपात फार जुनी होती. उत्क्रांतीचा विचार आल्यावर ती टिकायला नको होती, पण शब्द मागे राहिले. आजची हरिता ही आजच्या पिंपळाची पूर्वज नाही. दोघेही एका समान पूर्वजापासून निघालेल्या फांद्यांच्या टोकांवर आहेत आणि दोघांचेही वय सारखेच आहे. हरिता मागे राहिली नाही. तीही तितकीच वर्षे बदलत, जगत आली आहे. आज हरिता व तिच्या भावंडांच्या सुमारे २० हजार, नेचे व आप्तांच्या सुमारे १२ हजार, अनावृत्तबीजींच्या जेमतेम हजारावर आणि फुलणाऱ्या वनस्पतींच्या सुमारे तीन लाख जाती आहेत. उंचीने पाहिले तर एक क्रम लागतो, संख्येने पाहिले तर दुसरा, कोरडे पडून पुन्हा जगण्याच्या शक्तीने पाहिले तर तिसराच. निसर्गात भेद आहेत. भेदांना उतरंडीत बसविण्याचे काम माणसाने केले आहे.

हे काम वनस्पतींपाशी थांबले असते, तर मी हा लेख लिहिला नसता. ज्या लिनियसने १७५३ च्या ग्रंथात वनस्पतींना शिस्तशीर नावे दिली, त्यानेच माणसांचेही रंगावरून आणि खंडांवरून चार प्रकार केले होते. १७५८ च्या आवृत्तीत त्याने त्या प्रकारांना स्वभावही चिकटविले. युरोपीय माणूस कायद्याने चालतो आणि आफ्रिकी माणूस लहरीने चालतो, असे त्याने लिहून ठेवले. फुलातील पुंकेसर मोजणारी दृष्टी माणसाकडे वळताच तिच्यात मालकाचा अहंकार उतरला. पुढच्या काळात गुलामीच्या आणि वसाहतींच्या समर्थकांनी अशा वर्गीकरणांचा भरपूर उपयोग केला.

आपल्या देशातही जातीसाठी जीवशास्त्राचा आधार शोधला गेला. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये लाहोरच्या परिषदेसाठी भाषण तयार केले होते. ते देण्याची संधी त्यांना मिळाली नाही, म्हणून त्यांनी ते स्वतःच प्रसिद्ध केले. वंशशुद्धीसाठी जाती निर्माण झाल्या, हा युक्तिवाद त्यांनी त्यात तपासला आहे. एकाच प्रांतातील भिन्न जातींचे लोक एकाच वंशाचे असतात, असे त्यांनी दाखविले. शिवाय वंशाचाच प्रश्न असेल तर सहभोजनाला बंदी कशासाठी, जेवल्याने रक्त कसे बदलते, हाही मुद्दा मांडला. आपल्या भोजनगृहात रोज एका पंगतीला बसणाऱ्या मुलांनी हा मुद्दा विसरू नये.

आणि या साऱ्याच्या कितीतरी आधी तथागतांनी हा विषय थेट वनस्पतींपासूनच हाती घेतला होता. वासेट्ठसुत्त हे सुत्तनिपातात आहे आणि मज्झिमनिकायातही आहे. ब्राह्मण जन्माने ठरतो की कर्माने, असा वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन ब्राह्मण तरुणांचा वाद होतो आणि ते भगवंतांकडे येतात. भगवंत उत्तराचा आरंभ गवतापासून आणि वृक्षांपासून करतात. गवतांत आणि वृक्षांत वेगवेगळ्या जाती आहेत आणि त्यांची लक्षणे वेगवेगळी आहेत, असे ते सांगतात. मग ते कीटक-मुंग्यांकडे, चतुष्पादांकडे, सर्पांकडे, माशांकडे आणि पक्ष्यांकडे वळतात. तेथेही तसेच आहे. मग ते माणसाकडे येतात आणि त्याचे केस, डोके, कान, डोळे, हात, पाय असा एकेक अवयव घेत जातात. अशी जातिभेद दाखविणारी लक्षणे माणसांत आढळत नाहीत. माणसांतील भेद हा केवळ व्यवहारातील नावांचा आहे. शेती करील तो शेतकरी, व्यापार करील तो व्यापारी.

या सुत्ताचा युक्तिवाद मी पुष्कळदा वाचला आहे. त्याची शिस्त मला दर वेळी नव्याने जाणवते. तथागत सृष्टीतील भेद नाकारत नाहीत. ते भेद नीट पाहा, असेच सांगतात. पाहण्याचा जो नियम गवताला लावला, तोच प्रामाणिकपणे माणसाला लावा, मग जातीचा पुरावा सापडत नाही. लिनियसजवळ सूक्ष्म निरीक्षण होते, पण माणसापर्यंत येताच त्याने आपलाच नियम मोडला.

येथे एक सावधगिरीही आवश्यक आहे. वनस्पतींत शिडी नाही म्हणून माणसांत समता असावी, असे मी म्हणत नाही. समतेसाठी आपल्याला हरितांच्या साक्षीची गरज नाही. उद्या निसर्गात कोठे उतरंड आढळली, तरी तिच्यामुळे माणसाला माणसावर अधिकार मिळणार नाही. समता हे माणसांनी विचारपूर्वक स्वीकारलेले मूल्य आहे, म्हणूनच ते संविधानात लिहून ठेवावे लागले. मात्र जे लोक विषमतेसाठी निसर्गाची साक्ष काढतात, त्यांची साक्ष तपासण्याइतके ज्ञान आपल्या मुलांजवळ असले पाहिजे. त्यासाठी विज्ञानाचा तास इतिहासाच्या तासाइतकाच मन लावून ऐकावा लागेल.

आमच्या विज्ञानकक्षात आता मुलांनी काढलेला एक नवा तक्ता लावला आहे. त्यात पायऱ्या नाहीत. एका बुंध्यापासून फुटलेल्या फांद्या आहेत. शैवाल, हरिता, नेचा, सायकस आणि पिंपळ त्यांच्या टोकांवर आहेत आणि सर्व टोके एकाच रेषेत आजच्या काळाला येऊन मिळतात. या शाळेतून शिकून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांना माझे एवढेच सांगणे आहे: कोणी तुमच्यासमोर उच्च-नीचतेचा तक्ता ठेवला तर तो कोणी काढला, केव्हा काढला आणि कोणत्या पुराव्यावर काढला, हे तीन प्रश्न विचारा. आणि पावसाळ्यात शाळेत आलात, तर बोधिवृक्षाला वंदन करून झाल्यावर मागच्या भिंतीपाशीही थोडे थांबा. खाली बसून ती हिरवळ जवळून पाहा.